फाशावरची तटबंदी

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत राजगडाची संजीवनी माची पाहावी. तोरण्याकडून येणारी डोंगरधार या माचीला भिडते आणि दुहेरी, चिलखती तटबंदीही इथे आहे. हाती असलेले बळ नेमके कुठे लावायचे, याचा हा हिशेब. ‘पॉवरगेमर’ म्हटल्या जाणाऱ्या खेळाडूचा आनंद मला याच हिशेबाच्या जवळचा वाटतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला आणि टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ रुजले. प्रत्येक खेळाडू एक पात्र घडवतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो, निकाल बहुधा फाशावर ठरतो. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० साली खेळाडूंच्या चार प्रवृत्ती मांडल्या. सामर्थ्य वाढवत नेणे ही त्यांतली एक. असा खेळाडू नियम बारकाईने वाचतो आणि मोजके गुण विचारपूर्वक खर्च करतो. वीस बाजूंच्या फाशावर पाचाची भर मिळवली, तर एरवी शंभरात पन्नास वेळा मिळणारे यश पंचाहत्तर वेळा मिळते. नशिबाकडून त्याने तेवढा प्रांत जिंकलेला असतो.

हा नुसता हावरेपणा, असा आक्षेप घेतात. तो मला अर्धाच पटतो. एकाच पात्राने सगळी संकटे निवारली, तर बाकीचे प्रेक्षक होतात, हे खरे. पण सोप्या विजयाचा त्यालाही कंटाळा येतो. आपण बांधलेला तट खऱ्या माऱ्यापुढे टिकतो का, हे त्याला पाहायचे असते. म्हणून सूत्रधाराने त्याला दुबळे करू नये; सोबत्यांवाचून निभावणार नाही, असे संकट रचावे.