खानावळीची वही

रत्नागिरीकडून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला किंवा साताऱ्याकडून रेल्वेने आलेला माणूस मुंबईच्या गिरणीत चिकटला, तरी पहिला पगार त्याच्या हातात पडायला दीड महिना जायचा. गिरण्यांचा हिशेब महिन्याचा, आणि सरलेल्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत अडवून धरायची रीत. 1936 साली वेतन अदायगीचा कायदा झाला तेव्हा कुठे मोठ्या कारखान्यांवर दहा तारखेचं बंधन आलं. मग त्या दीड महिन्यात हा माणूस जेवायचा कुठे, आणि कुणाच्या भरवशावर? गिरणगावातले संप, पुढारी आणि मालक यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. या साध्या प्रश्नाचं उत्तर रोज दोन वेळा चुलीवर शिजवणाऱ्या बायकांवर मात्र फार थोडं लिहिलं गेलं.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड हा सगळा पट्टा भोंग्यावर उठू-बसू लागला. माणसं आली ती मुख्यतः एकटी आली. बायको, पोरं, म्हातारे आईबाप गावी, शेतीचा तुकडा सांभाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईत पुरुषांच्या मानाने बायकांची संख्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त. एका गावचे, एका भावकीचे दहा-पंधरा पुरुष मिळून एक खोली घ्यायचे. ट्रंक भिंतीला, वळकटी दांडीवर. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. अशा खोलीत झोपता येतं. पण जेवण रांधणार कोण, आणि कधी?

म्हणून खानावळ. तिला पाटी नव्हती, गल्ला नव्हता, बहुतेक वेळा वेगळी जागाही नव्हती. चाळीतल्या कुणा बाईची दहा बाय बाराची खोली, तीच तिचं बिऱ्हाड आणि तीच तिची खानावळ. नवरा गिरणीतून कमी झालेला, आजारी पडलेला किंवा असून नसल्यासारखा. कधी ती स्वतःच गिरणीतून काढलेली. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत, विशेषतः कांडीच्या खात्यात, बायका बऱ्याच होत्या. यंत्रं बदलली, रातपाळीला बायकांना मनाई झाली, त्यांना प्रसूतीच्या सवलती द्याव्या लागू लागल्या आणि मालकांना पुरुष परवडू लागले. सुटलेल्या बाईच्या हाती एकच भांडवल उरलं, भाकरी थापायचं.

जेवायला येणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणायचे. दहा मेंबरांची खानावळ लहान, तीस मेंबरांची जोरदार. सकाळी सातला पहिली पाळी लागायची, साडेतीनला दुसरी, मध्यरात्री तिसरी. म्हणजे खानावळीतही तीन पाळ्या, आणि तिन्ही पाळ्यांना कामगार एकच, ती बाई. चाळीच्या नळाला पाणी पहाटे, तेव्हा दिवस चारला सुरू. सहाला निघणाऱ्यांचे डबे, सकाळी परतणाऱ्या रातपाळीवाल्यांची ताटं, दुपारी दुसऱ्या पाळीची पंगत, संध्याकाळी पहिल्या पाळीची आणि रात्री बारानंतर शेवटच्यांची झाकून ठेवलेली भाकरी. खोलीत एका वेळी सहा-सात जण मांडीला मांडी लावून बसायचे; बाकीचे गॅलरीत उभे राहायचे. पोरांनी अभ्यास जिन्यावर करायचा. नवऱ्याने बाहेर बसायचं. या खोलीत ‘घरगुती जेवण’ मिळायचं हे खरं, पण त्या घराला घर म्हणून वेगळा कोपरा उरायचा नाही, हेही तितकंच खरं.

आता वहीकडे येऊ, कारण खानावळीचा सगळा जीव तिथे होता. चतकोर वही, तीही बाईला लिहिता येत असेल तर. नाहीतर भिंतीवर कोळशाच्या रेघा, किंवा शाळेत जाणाऱ्या पोराचं अक्षर. मेंबराचं नाव, दोन वेळ की एक वेळ, गावाला गेला तर खाडा, पाहुणा आणला तर जादा ताट. पैसे पगाराला. तोवर सगळं तोंडावर. एका अनोळखी शहरात एक बाई एका अनोळखी पुरुषाला महिनाभर, नवा असेल तर दीड महिना, उधार जेवू घालत होती. तारण म्हणून तिच्याकडे काय होतं? त्याच्या गावचा एखादा जुना मेंबर, जो त्याला घेऊन आला. नवा बुडवून पळाला तर आणणाऱ्याची मान खाली जायची आणि ती गोष्ट पुढच्या बोटीने गावापर्यंत पोचायची.

आपण अशा जागांच्या आठवणी काढतो तेव्हा ‘माणुसकी होती’ असं म्हणून मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. माणुसकी सगळीकडेच थोडीफार असते. खानावळीतली आपुलकी टिकली ती देण्याघेण्यामुळे. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याला रोज तोंड दाखवावं लागतं, आणि ज्याच्याकडून यायचे आहेत त्याची तब्येत विचारावीच लागते. मेंबर दोन दिवस आला नाही तर बाई त्याच्या खोलीवर पोराला पाठवायची. त्यात काळजी किती आणि वसुली किती हे तिलाही सांगता आलं नसतं. वेगळं करायची गरजही नव्हती. तापाने फणफणलेल्याला पेज मिळायची, आणि पेजेची नोंदही वहीत व्हायची.

त्यातच बदली कामगारांची भर. गिरणीत कायम नसलेला हा माणूस रोज पाळीच्या वेळी दरवाज्याशी जाऊन उभा राहायचा. कुणी खाडा केला तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. महिन्यात पंधरा दिवस भरले तरी नशीब. त्याची भूक मात्र तीस दिवसांची. गिरणीने ज्याला अर्धाच महिना पोसायचं ठरवलं होतं, त्याचा उरलेला महिना खानावळीच्या वहीवर चालायचा. मुंबईच्या कापडधंद्याला स्वस्त आणि हाताशी असलेलं मनुष्यबळ मिळालं त्यात या बायकांच्या उधारीचा वाटा होता. ताळेबंदात तो कुणी दाखवला नाही.

कोणत्या खात्यात जागा आहे, कुठला जॉबर (कामावर लावणारा मुकादम) किती मागतो, कुणाच्या घरी मयत झाली, मनीऑर्डर पोचली की नाही, गणपतीला कोण कधी निघणार, हे सगळं ताटावर ठरायचं. काही खानावळी तर जॉबरच्याच होत्या किंवा त्याच्या वशिल्याने चालायच्या; तिथे मेंबर झालं की कामाची वाट जरा सोपी. संपाच्या दिवसांत पत्रकं इथेच वाचली जायची. खानावळीच्या आजूबाजूला बाकीची ठिकाणं होतीच. नाक्यावरचा इराणी, जिथे एका चहावर अर्धा तास बसता यायचं. सलून, जिथे वर्तमानपत्र फुकट. तालीम, भजनी मंडळ, परळचा दामोदर हॉल, जिथे कामगारांची नाटकं रंगली. धोबीतलावला गोव्याच्या माणसांनी गावागावाचे ‘कूड’ उभे केले. बोटीवर नोकरी धरणारा खलाशी दोन सफरींच्या मध्ये आपल्याच गावच्या कुडात उतरायचा आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसायचा. जेर महालच्या इमारतीतले कूड त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. पण नाक्यावर किंवा तालमीत न जाताही माणूस जगू शकतो. जेवल्याशिवाय नाही. त्यामुळे बाकीच्या जागा हौसेच्या, आणि खानावळ सक्तीची.

या पंगतीचं गोडवे गाणारं वर्णन इथे थांबवायला हवं, कारण ती सगळ्यांची पंगत नव्हती. मालवणी खानावळ मालवण्यांची, घाटावरची घाटावरच्यांची, आणि त्यातही जात पाहून. ज्या गिरणगावात खांद्याला खांदा लावून संप झाले, तिथल्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलित कामगारांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि तो धोटा पुढे दुसऱ्याच्या हाती जायचा, हे कारण. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. ते स्वतः तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. जे धोट्याला लागू, ते ताटाला दुप्पट लागू. दलित कामगारांचा शेजार, त्यांच्या चाळी आणि त्यांच्या खानावळी वेगळ्या राहिल्या. माणसांना जवळ आणणारी जागा कुणाला तरी बाहेर ठेवूनच जवळ आणत होती, हे लपवून खानावळीचा परिचय पुरा होणार नाही.

आणि आत असलेल्या बाईचं काय? मेंबर महिन्याने पैसे देणार, पण तांदूळ, पीठ, रॉकेल आज हवं. ते वाण्याकडून उधार. वाणी उधारीवर भाव वाढवून लावायचा आणि माल हलका द्यायचा. तक्रार करायची सोय नाही. त्याची उधारी थकली की सावकार, आणि सावकाराकडे मंगळसूत्र. मेंबरांचा सगळा महिना तिच्या वहीत होता, तिचा सगळा महिना वाण्याच्या. संप झाला की मेंबर गावी निघून जायचे. वाणी कुठेच जायचा नाही.

हे चक्र नेमकं कुठे तोडता येईल ते प्रेमाताई पुरव यांनी ओळखलं. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेऊन त्या मुंबईत आल्या आणि कामगार चळवळीत काम करू लागल्या. 1970 च्या दशकात गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. त्या काळात खानावळवाल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. संप मिटल्यावर कामगारांच्या मागण्यांची चर्चा झाली, या बायकांच्या कर्जाची नाही. प्रेमाताईंनी त्यांना एकत्र केलं आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं झाली होती, गरिबांना कमी व्याजाने कर्ज देण्याची योजनाही कागदावर होती. पण गहाण ठेवायला काही नसलेली, अंगठा उठवणारी बाई बँकेत शिरणार कशी? मंडळाने उत्तर शोधलं ते खानावळीच्याच रीतीतलं. बायकांचे गट करायचे आणि एकीने दुसरीला जामीन राहायचं. मेंबराला मेंबर जामीन राहत होता, तसंच. सुरुवातीच्या 14 जणींना बँकेचं कर्ज मिळालं आणि ते फिटलं. पुढे संख्या हजारोंवर गेली. बायका कर्जावर न थांबता मिळून मोठी स्वयंपाकाची कामं घेऊ लागल्या. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून 1993 पासून पुण्यातल्या वस्त्यांत हेच काम उभं केलं. सूक्ष्म कर्जपुरवठ्याबद्दल बोलताना आपण हमखास बांगलादेशकडे पाहतो. दादर-परळच्या या बायका ते त्याच सुमारास करत होत्या, याची आठवण आपण जरा मोठ्याने करून द्यायला हरकत नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. खानावळीच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता: दहा तारीख येणंच थांबलं. पहिले काही महिने वह्या भरत राहिल्या. मग मेंबर कमी झाले, गावी गेलेले परतले नाहीत, आणि वहीतली थकलेली नावं तशीच राहिली. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे आले. तिथे काम करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे, पण ते रोज वेगळ्या ठिकाणी जेवतात, आणि जेवणाआधी पैसे देतात.

खानावळीचा वारसा थोडाफार दिसतो तो पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत, स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या मेसमध्ये. मेंबर हा शब्द आहे, खाडा आहे, रविवारची फीस्ट आहे, आणि जागा निघाल्या का, परीक्षा कधी, याची खबर अजूनही ताटावरच मिळते. फरक एवढाच की महिन्याचे पैसे आधी भरायचे. हिशेबाची दिशा उलटी झाली. आता मुलाने मेसवाल्यावर विश्वास ठेवायचा. हा बदल मला वाईट वाटत नाही. भांडवल नसलेल्या बाईने तीस पुरुषांचा महिना अंगावर घ्यावा, ही व्यवस्था कितीही ऊबदार दिसली तरी न्यायाची नव्हती.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर मुंबई महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारत आहे. त्यात यंत्रं असतील, भोंगा असेल, पुढाऱ्यांची छायाचित्रं असतील. खानावळीसाठी एक खोली हवी, दहा बाय बाराची, आणि तिच्यात निदान एक खरी वही हवी. गिरणगावातल्या किंवा कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या ज्यांच्या घरी आजीची, मावशीची अशी वही ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. पानांची छायाचित्रं काढावीत, कोण कुठल्या गावचं ते आजीला विचारून बाजूला लिहून ठेवावं, आणि थकबाकीचे आकडे खोडू नयेत.