रुसलेली बुलेट

यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. आमचा जन्म धान्याच्या पोत्यांत गेला. तथापि सीमाभागातील भुसार व्यापारी आणि मोटारसायकल यांचा स्नेह जुना आहे. पेठ उघडण्यापूर्वी खेड्यावर जाऊन माल पाहावयाचा, तर या वाहनासारखा दुसरा सोबती नाही. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्या देशाची झाली. ओतीव लोखंडी इंजिनाच्या त्या जुन्या बुलेट आजही कित्येक बांधवांच्या घरी आहेत. मात्र त्यांतील अनेक गाड्या वखारीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली उभ्या आहेत. कारण विचारावे तर उत्तर एकच : "चालू होत नाही."

आमचा अनुभव असा की, अशी गाडी बहुधा मेलेली नसते. तिची एखादी लहानशी गरज अपुरी राहिलेली असते. इंजिनास तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी आणि दाब. रोजमेळ जुळला नाही म्हणून आपण चोपडी फाडून टाकीत नाही. एकेक रक्कम ताळून पाहतो. येथेही तोच न्याय लावावा. एका वेळी एकच गोष्ट पाहावी, आणि जीस पैसा लागत नाही ती आधी पाहावी. दोन भाग एकदम बदलले, तर गुण कोणत्याचा हे कधीच कळत नाही.

प्रथम प्लग काढावा. चार-सहा किका मारूनही तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे काय, कॉकची जाळी गाळाने भरली आहे काय, आणि कार्बुरेटरमधील बारीक जेट तुंबले आहे काय, हे त्याच क्रमाने पाहावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ज्या मक्याचा आणि तुकडा तांदळाचा आपण व्यापार करतो, त्यापासूनही ते बनते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाही. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बुरेटर रिकामा करून ठेवावा.

प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर दोष बहुधा ठिणगीत असतो. प्लग पुसून त्यास टोपी लावावी, त्याचे लोखंडी अंग इंजिनावर टेकवावे आणि किक फिरवावी. ठिणगी निळी व टणक हवी. पिवळी व क्षीण ठिणगी कामाची नाही. ही परीक्षा प्लगच्या उघड्या भोकापासून दूर करावी, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि आग लागण्याचे भय असते. प्लगची फट सुमारे अर्धा मिलिमीटर असावी.

ठिणगी नसेल तर लागलीच नवी कॉइल आणू नये. हेडलाइटवरील अ‍ॅमीटर हा या गाडीचा प्रामाणिक मुनीम आहे. किल्ली फिरवून किक सावकाश दाबावी. पॉइंट मिटलेले असता काटा वजा बाजूस कलतो आणि उघडले की मध्यावर येतो. काटा मुळीच हलला नाही, तर बॅटरी, फ्यूज किंवा पॉइंटवरील मळ यांचा संशय घ्यावा. काटा वजा बाजूसच खिळून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत. इंजिनाच्या उजव्या अंगास गोल झाकणाखाली हे पॉइंट असतात. बारीक पॉलिश पेपराने ते साफ करून स्वच्छ कोऱ्या कागदाने पुसावेत आणि पूर्ण उघडले असता फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. साफ केलेले पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळू लागले, तर कंडेन्सर बदलावा. तो कॉइलहून पुष्कळ स्वस्त असतो. आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात प्लगची टोपी व तार ओलसर होऊनही ठिणगी मरते. तेथे कोरडे फडके हेच औषध होय.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी किक पोकळ जाते, असे झाल्यास दाब गळत आहे. आमच्या पेठेतील एका कडधान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. वडिलांच्या पश्चात राहिलेल्या बुलेटवर त्यांनी नवी कॉइल व नवा कार्बुरेटर घातला. गाडी हूं म्हणेना. शेवटी भंगारवाल्याशी भावही ठरला. एका वृद्ध मिस्त्रीने सहज पाहिले, तो डीकॉम्प्रेसरची केबल ताठ ओढली गेली होती. त्यामुळे त्याची झडप किंचित उघडी राहून सगळा दाब वाया जात होता. केबल सैल करताच वडिलांची गाडी बोलू लागली. खर्च शून्य! पुश रॉडही पाहावेत. थंड इंजिनात, पिस्टन दाबाच्या फेऱ्यात माथ्यावर असता, ते बोटांनी सहज फिरले पाहिजेत.

आता किकेविषयी. ही बळाची नव्हे, युक्तीची गोष्ट आहे. किल्ली फिरवून किक दाबीत न्यावी. पाय अडला की डीकॉम्प्रेसर ओढून काटा मध्यावर येईपर्यंत अगदी थोडी पुढे न्यावी. मग डीकॉम्प्रेसर सोडावा, किक पूर्ण वर येऊ द्यावी आणि अंगाचा भार देऊन ती तळापर्यंत मारावी. अर्धवट किक मारू नये. पॉइंटची फट फार वाढली असेल, तर ठिणगी वेळेआधी पडते आणि किक उलटून घोट्यास इजा करते. तरुणांनी अनवाणी किंवा चपलेने किक मारण्याचा मोह टाळावा.

आमची विनंती इतकीच की, गाडी भंगारात देण्यापूर्वी एक रविवार तिच्यासाठी काढावा. फीलर गेज, प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि कोरडे फडके एवढ्या सामग्रीत बहुतेक दोष उघडे पडतात. शेजारी मुलांनाही बसवावे. आडगावी, अवेळी गाडी अडली असता, क्रमाने विचार करण्याची ही सवयच त्यांना घरी आणील. आणि दुकानाच्या गादीवर बसल्यावरही तिचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.