एकच प्रत पुरत नाही

रविवारी सकाळी आम्ही मोबाईल घेऊन पुण्याच्या कॅम्पातल्या गल्ल्यांतून फिरतो. उजेड भरपूर असला की आयएसओ कमी ठेवतो, म्हणजे फोटो दाणेदार होत नाही.

गेल्या वर्षी फोन पाण्यात पडला आणि दादीजानचा शेवटच्या ईदचा फोटो गेला. त्याची एकच प्रत होती.

१९३१ चा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. त्याची प्रत १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही नाही.

आता आम्ही दर महिन्याला फोटो हार्डडिस्कवर उतरवतो, दुसरी प्रत मामूंच्या घरी ठेवतो. निवडक फोटो छापून मागे पेन्सिलीने नाव, तारीख लिहितो.

तुमच्या अम्मी-अब्बांचा फोटो किती ठिकाणी आहे?