बायडूचा शेअर आणि चीनची भिंत : गुंतवणूकदार नक्की कशावर पैसे लावतात?

चीनमध्ये गुगल चालत नाही, मग तिथले लोक काही शोधायचे झाले तर कुठे शोधतात? नववी-दहावीच्या वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी आम्हाला हा प्रश्न विचारतोच. उत्तर आहे बायडू. पण हेच नाव आता घरातल्या मोठ्या मंडळींच्या तोंडीही येऊ लागले आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. मोबाइलवरून परदेशी शेअर घेता येतात, त्यामुळे "चीनचे गुगल स्वस्तात मिळतेय" अशा छापाचे संदेश फिरत असतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणजे कायद्याने वाट मोकळी आहे. म्हणूनच ही कंपनी काय आहे, तिच्यात जगाला एवढा रस का वाटला आणि तो मध्येच आटला कसा, हे नीट समजून घेतलेले बरे.

बायडू सुरू झाली जानेवारी २००० मध्ये, बीजिंगला. रॉबिन ली आणि एरिक शू हे तिचे दोन संस्थापक. ली यांचा जन्म १९६८ चा, आई-वडील कारखान्यात कामगार. पेकिंग विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत बफेलोला संगणकशास्त्र शिकायला गेले. १९९६ मध्ये, म्हणजे गुगल कंपनी जन्माला येण्याआधी, त्यांनी 'रँकडेक्स' नावाची पद्धत तयार केली. एखाद्या पानाचा पत्ता इतर किती पानांनी दिला आहे, ते मोजून त्या पानाचा क्रम ठरवायचा, अशी ती पद्धत. गुगलचे लॅरी पेज यांच्या पेटंटमध्ये लींच्या या कामाचा उल्लेख आहे. त्यामुळे बायडूला कोणी सरसकट 'गुगलची नक्कल' म्हटले, तर ते आम्हाला पटत नाही.

नाव मात्र खास चिनी आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या सोंग काळातल्या एका कवितेतून ते घेतले. अर्थ 'शेकडो वेळा', शोधत राहण्याच्या संदर्भात.

सुरुवातीला ही कंपनी दुसऱ्या संकेतस्थळांना शोधयंत्र पुरवायची. त्यात फार पैसा नव्हता. २००१ मध्ये लींनी स्वतःचे संकेतस्थळ उघडले आणि जाहिरातीचा धंदा सुरू केला. तो कसा चालतो बघा. समजा कोणी 'दाताचा दवाखाना' असे शोधले. त्या शब्दावर आपले नाव वर यावे म्हणून दहा दवाखाने बोली लावतात. ज्याची बोली मोठी, तो वर. ग्राहकाने त्याच्या नावावर बोट ठेवले की ठरलेली रक्कम बायडूच्या खात्यात जमा. शोधणाऱ्याला एक पैसा पडत नाही, म्हणून तो समजतो की सेवा फुकट आहे. पुढचे सगळे यश आणि पुढची सगळी बदनामी या एका व्यवस्थेतून आली, म्हणून ती ध्यानात ठेवा.

५ ऑगस्ट २००५ रोजी बायडूचा शेअर अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आला. किंमत ठेवली होती २७ डॉलर. त्याच दिवशी बाजार बंद होताना तो १२२ डॉलरच्या वर होता. एका दिवसात साडेचारपट! कंपनीचे एकूण मोल जवळपास ४ अब्ज डॉलर झाले. आता दुसरा आकडा घ्या. आदल्या वर्षी, २००४ मध्ये, कंपनीचा निव्वळ नफा होता सुमारे १५ लाख डॉलर. म्हणजे नफा तेवढाच राहिला असता, तर त्या दिवशीची किंमत वसूल व्हायला अडीच हजारांहून जास्त वर्षे लागली असती. लोक खुळे होते का? तसे नाही. शेअर घेणारा मागच्या वर्षाच्या नफ्याला किंमत देत नसतो, तो पुढच्या वाढीला देतो. त्या वेळी चीनमध्ये इंटरनेट वापरणारे सुमारे १० कोटी होते आणि २०१० अखेर तो आकडा ४५ कोटींच्या वर गेला. वाढीचा अंदाज खरा ठरला. तरीही पहिल्याच दिवशी १२२ डॉलर मोजणाऱ्याने काही महिन्यांतच आपला शेअर निम्म्याखाली गेलेला पाहिला. गोष्ट खरी असली तरी तिच्यासाठी मोजलेली किंमत जास्त असू शकते.

गुगलनेही यात हात घातला होता, हे फार जणांना ठाऊक नसते. २००४ मध्ये गुगलने ५० लाख डॉलर देऊन बायडूचा २.६ टक्के हिस्सा घेतला. २००६ च्या जानेवारीत स्वतःचे चिनी संकेतस्थळ उघडल्यावर त्याच वर्षी तो हिस्सा ६ कोटींहून जास्त डॉलरला विकला. नफा चांगला झाला, पण चीनमध्ये जम बसला नाही. जानेवारी २०१० मध्ये गुगलने जाहीर केले की, चीन सरकारच्या सांगण्यावरून शोधाचे निकाल गाळणे आम्ही यापुढे करणार नाही. दुसऱ्याच दिवशी बायडूचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त उसळला. मार्चमध्ये गुगलने आपला शोध हाँगकाँगकडे वळवला आणि बायडूपुढचा सर्वात मोठा प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर गेला. शेअर इतका महाग झाला की त्याच वर्षी मे महिन्यात एकाचे दहा करावे लागले.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. गुंतवणूकदारांनी जे विकत घेतले, त्यात तंत्रज्ञानाइतकाच वाटा चीनच्या भिंतीचा होता. सरकारने परक्या कंपन्यांना बाहेर ठेवले, म्हणून बाजार मोकळा मिळाला. त्याची किंमत म्हणून बायडूने सरकार म्हणेल ते गाळायचे, झाकायचे, दाखवायचे नाही.

हे झाकणे किती दूर जाते याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. शिनजियांग प्रांतात विगूर व इतर मुस्लिमांना डांबून ठेवलेल्या छावण्या शोधताना 'बझफीड न्यूज'च्या पत्रकारांच्या लक्षात आले की, बायडूच्या नकाशावर काही जागा कोऱ्या, करड्या चौकोनांनी झाकलेल्या आहेत. मग त्यांनी नेमक्या त्याच जागा इतर उपग्रहचित्रांत तपासल्या आणि २०२० मध्ये मोठ्या तटबंदीच्या इमारतींचे जाळे जगापुढे आणले. मेघा राजगोपालन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना या कामासाठी २०२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. लपवण्यासाठी ठेवलेला कोरा चौकोनच पत्ता सांगून गेला. शेअरच्या जाहिरातीत हे कोणी सांगणार नाही, पण ज्या परवानगीवर कंपनी उभी आहे तिच्यात हेही धरलेले आहे.

भिंतीच्या आत जी कंपनी राजा होती, ती बाहेर पडल्यावर मात्र साधी प्रजा झाली. जानेवारी २००८ मध्ये तिने जपानी शोधयंत्र सुरू केले. ते २०१५ पर्यंत गुंडाळले. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत सुरुवात झाली, तीही राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्या दौऱ्याचा मुहूर्त साधून. गुगलला तिथे धक्का बसला नाही. आपल्याकडे बायडू शोधासाठी कधी आलीच नाही, तिची छोटी अॅप्स तेवढी फोनमध्ये होती. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अॅप्स बंद केली, त्यात टिकटॉकची चर्चा सर्वाधिक झाली. पण त्याच यादीत बायडू मॅप आणि बायडू ट्रान्सलेटही होती, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी वापरलेले डीयू बॅटरी सेव्हरही, जे मूळचे बायडूच्याच घरातले.

आता त्या बोलीच्या धंद्याकडे पुन्हा वळू. २०१६ मध्ये चीनमध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याचा कर्करोगाने मृत्यू झाला. आजार दुर्मिळ होता. घरच्यांनी बायडूवर शोधले, वर आलेल्या निकालातून बीजिंगमधल्या एका रुग्णालयाचा उपचार सापडला, उसनवारी करून पैसे भरले, गुण आला नाही. तो निकाल वर आला होता पैसे भरून. मुलाने मरण्यापूर्वी हे सगळे इंटरनेटवर लिहून ठेवले होते, आणि त्याच्या मागे देशभर संताप उसळला. सरकारने चौकशी नेमली. एका पानावर जाहिराती ३० टक्क्यांहून जास्त नकोत आणि जाहिरात आहे हे स्पष्ट लिहा, असे आदेश निघाले. वैद्यकीय जाहिराती हा बायडूच्या कमाईचा मोठा भाग होता. एप्रिल ते जून या तिमाहीचा नफा आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटला.

खरे तर २००८ मध्येही चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने परवाना नसलेल्या औषधवाल्यांच्या जाहिराती उघड्या पाडल्या होत्या. तेव्हा शेअर पडला, कंपनीने सुधारणेचे वचन दिले, पुन्हा वाढ सुरू झाली. दर तीन महिन्यांनी वाढ दाखवण्याची सक्ती असली की आजारी माणसाचा घाबरलेला प्रश्नही महागडा शब्द ठरतो. यात शेअरधारक थेट दोषी नाही, पण ज्या वाढीसाठी तो टाळ्या वाजवतो ती कुठून येते हे त्याने विचारायला काय हरकत आहे?

याच काळात दुसरा धोका आला. चिनी माणूस संगणक सोडून फोनवर गेला, आणि फोनवर तो वीचॅट, डोयिन यांसारख्या अॅप्सच्या आत राहू लागला. तिथला मजकूर बाहेरच्या शोधयंत्राला सहजासहजी दिसत नाही. बायडूने धावाधाव केली. अॅप विकणारी '९१ वायरलेस' ही कंपनी २०१३ मध्ये १.९ अब्ज डॉलरला घेतली, सवलतीच्या कूपनांच्या धंद्यात २० अब्ज युआन ओतण्याची घोषणा २०१५ मध्ये केली, व्हिडिओच्या 'आयचीयी'वर खर्च केला. यातल्या बहुतेकांनी नाव कमावले, पैसा कमी. पुढे मोर्चा वळला तो विनाचालक गाड्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे. 'अपोलो' हा गाड्यांचा प्रकल्प २०१७ पासून सुरू आहे, वुहान शहरात तिच्या चालक नसलेल्या टॅक्सी रस्त्यावर धावतात. १६ मार्च २०२३ रोजी लींनी 'एर्नी बॉट' दाखवला. प्रात्यक्षिक आधीच चित्रित केलेले आहे हे कळताच हाँगकाँगमध्ये शेअर घसरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर चढला. एका रात्रीत कंपनीत काहीच बदलले नव्हते, बदलला होता फक्त लोकांचा अंदाज.

२०२१ ची हकीकत तर अभ्यासक्रमात घालण्यासारखी आहे. त्या फेब्रुवारीत बायडूचा शेअर ३३० डॉलरच्या वर, आजवरच्या सर्वात उंच जागी पोचला. सगळे म्हणाले, विजेच्या गाड्या आणि एआयचा महिमा. मार्चमध्ये कंपनीने हाँगकाँगच्या बाजारातही शेअर आणून सुमारे ३ अब्ज डॉलर उभे केले. तीनच दिवसांनी अमेरिकेत 'आर्केगोस' नावाचा खासगी फंड कोसळला. बिल ह्वांग या एका माणसाने बँकांकडून उसना पैसा घेऊन बायडूसह मोजक्या कंपन्यांचे शेअर प्रचंड प्रमाणात उचलले होते, आणि भाव चढण्यात त्या खरेदीचा मोठा हात होता. बँकांनी आपले पैसे सोडवायला शेअर विकायला काढले आणि भाव आपटला. ह्वांग यांना २०२४ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडूचा शेअर ८० डॉलरच्याही खाली आला. वर विकत घेणाऱ्याचे रुपयातले बारा आणे गेले.

शेवटचा मुद्दा कागदाचा. बायडूचा शेअर घेतला म्हणजे बीजिंगच्या त्या कंपनीत मालकी आली, असे वाटते. तसे नाही. इंटरनेट सेवेत परक्यांच्या मालकीवर चीनच्या कायद्याने बंधने आहेत. म्हणून केमन बेटांवर एक कंपनी नोंदवली जाते आणि तिचे शेअर अमेरिकेत विकले जातात. चीनमध्ये परवाने ज्या कंपन्यांच्या नावावर असतात, त्या चिनी नागरिकांच्या मालकीच्या असतात, आणि त्यांचा नफा केमनच्या कंपनीकडे यावा म्हणून दोघांत करार केलेले असतात. घर दुसऱ्याच्या नावावर, भाडे मात्र करारानुसार आपल्याला, असा हा प्रकार. करार पाळले जातात तोवर सगळे ठीक. चीन सरकारने उद्या ते अमान्य केले तर अमेरिकेतला शेअरधारक कोणत्या कोर्टात जाणार?

हा धोका कंपनी लपवत नाही. परदेशी कंपन्यांना अमेरिकेच्या बाजार नियामकाकडे दरवर्षी '२०-एफ' नावाचा अहवाल द्यावा लागतो. बायडूचा अहवालही नियामकाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. भाषा इंग्रजी आणि पाने भरपूर आहेत, पण 'जोखीम' या प्रकरणात केमनची रचना, चीन सरकारची सत्ता, जाहिरातींवरचे अवलंबित्व हे सारे कंपनीने स्वतःच लिहून दिलेले आहे. घरात कॉलेजात जाणारे मूल असेल तर त्याला शेजारी बसवून निदान तेवढे प्रकरण वाचून घ्या, पैसे पाठवायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.