खेळ नवा, आवृत्ती जुनी?

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये मुलगा आणि नागपुरात त्याची मावसबहीण, असे दोघे सुट्टीत संगणकावर एकत्र खेळायला बसतात. खेळ एकच, पैसे दोघांनीही मोजलेले. पण जोडणी होत नाही! अशा वेळी आधी पाहावे, दोघांकडच्या आवृत्त्या वेगळ्या तर नाहीत?

इंटरनेटवर खेळ विकणारे ‘स्टीम’ २००३ मध्ये सुरू झाले, पोलंडचे ‘जीओजी’ २००८ मध्ये. चुका दुरुस्त केलेली आवृत्ती निर्माता प्रत्येक दुकानाला देतो; कुठे ती लवकर पोहोचते, कुठे उशिरा. डिसेंबर २०२० मध्ये आलेला, मोठ्यांसाठीचा ‘सायबरपंक २०७७’ इतका सदोष निघाला, की सोनीने तो आठवडाभरात आपल्या दुकानातून काढला. २०२३ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली. प्लेस्टेशन ४ वाल्यांना मात्र ती मिळाली नाही.

मग पालकांनी काय पाहावे? खेळ सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो. तो निर्मात्याने जाहीर केलेल्या ताज्या क्रमांकाशी ताडून पाहा. दुकानातली प्रकाशनाची तारीख पाहून फसू नका. ती सहसा पहिल्या आवृत्तीची असते. जीओजीवरून उतरवून ठेवलेली फाईल आपोआप सुधारत नाही, ती पुन्हा उतरवावी लागते.

ही तपासणी खरेदीच्याच दिवशी करा. स्टीमवर १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळले असेल, तर पैसे परत मागता येतात. जीओजीवर ३० दिवसांत. भाजीची जुडी आपण उलटून पाहतोच ना? मग खेळही पाहूनच घ्यावा!