डिसोझांचं एकेरी अवतरण

साल २०१२. बोरिवलीच्या आयसी कॉलनीतल्या एका सोसायटीला मेंटेनन्सच्या पावत्यांचा जावामधला वेब प्रोग्राम मी हौसेने करून दिला. एकोणीस पावत्या झकास निघाल्या. विसाव्या सभासदाचं नाव भरलं आणि स्क्रीनभर एररची लांबलचक यादी. आडनाव डिसोझा. रोमन लिपीत त्यातल्या 'डी'नंतर वर एक चिन्ह लटकतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत तेच एकेरी अवतरणचिन्ह मजकूर संपल्याची खूण असतं. डेटाबेसने नाव 'डी'वरच संपवलं आणि उरलेल्या 'सोझा'चं काय करायचं ते त्याला कळेना.

"माझं नाव चुकलंय का रे?" डिसोझाकाकांनी विचारलं.

चूक माझी होती. नाव उचलून मी सरळ एसक्यूएलच्या वाक्यात जोडलं होतं. काकांच्या जागी एखादा बदमाश असता, तर त्याच फटीतून त्याने स्वतःची आज्ञा घुसवली असती. त्यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट: वाक्यात नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं सोपवायचं. मग त्यात काहीही असो, डेटाबेस त्याला नावच समजतो.

ही सोय पुरवणारं जेडीबीसी १९९७ मध्ये जावा १.१ बरोबर आलं. ऑरॅकल असो वा मायएसक्यूएल, प्रोग्राममधला जावाचा भाग बराचसा तोच राहतो. बदलतो तो ड्रायव्हर, म्हणजे त्या डेटाबेसची जार फाइल. सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावाचा प्रोग्राम, तोही १९९७ चाच. त्याआधीच्या सीजीआय पद्धतीत दर विनंतीला नवी प्रोसेस उभी राहायची. सर्व्हलेट मात्र मेमरीत ठाण मांडून बसतो आणि एकच सर्व्हलेट अनेक थ्रेडमधून सगळ्यांना उत्तरं देतो. म्हणून त्याच्या वर्गातल्या चलात एका ग्राहकाचं नाव ठेवलं, तर दुसऱ्याच्या पावतीवर ते उमटू शकतं.

माझी भाची मुलुंडला टीवायबीएस्सी आयटीला. तिचं सर्व्हलेट, एसक्यूएल सगळं पाठ, पण अडली ती भलतीकडेच. जुन्या नोट्समधला प्रोग्राम टॉमकॅट १० या सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरवर चालेना. ऑरॅकलने एंटरप्राइज जावा इक्लिप्स फाउंडेशनकडे दिलं, पण 'जावा' हा ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवला. म्हणून पॅकेजच्या नावातलं 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. टॉमकॅट ९ ला जुनं नाव लागतं, १० ला नवं. ते जमलं तर ड्रायव्हर सापडेना. जार 'वेब-इन्फ'मधल्या 'लिब' फोल्डरात टाकायची राहिली होती. अशा क्षुल्लक गोष्टींत पोरांचे आठवडे जातात आणि क्लासवाले नेमक्या त्याच शिकवत नाहीत!

दुसरा खड्डा कनेक्शनचा. सीप्झमधल्या नोकरीत मी एकदा एरर आल्यावर कनेक्शन बंद करायला विसरलो. सकाळी सगळं सुरळीत, दुपारनंतर उघडी कनेक्शन साठून सर्व्हर ठप्प. रात्री अंधेरीहून शेवटची बोरिवली लोकल जेमतेम मिळाली. मायएसक्यूएलची ठरावीक मर्यादा आज १५१ कनेक्शनची आहे, तर टॉमकॅट एरवी २०० थ्रेड चालवू शकतो. आता 'ट्राय-विथ-रिसोर्सेस' लिहिलं की जावाच कनेक्शन बंद करते आणि हिकारीसारखा पूल एरवी दहाच कनेक्शन आळीपाळीने फिरवतो. भाचीला हे सगळं आपोआप जुळवून देणारं स्प्रिंग बूट शिकायची घाई आहे. मी तिला आधी एक महिना साधे सर्व्हलेटच लिहायला लावले.

तर डिसोझाकाका. मी पळवाट काढली होती: नाव देवनागरीत लिहू, म्हणजे ते चिन्हच नको. सेव्ह केलं तर अगम्य लॅटिन अक्षरं आली. फॉर्ममधलं काहीही वाचण्याआधी सर्व्हलेटला यूटीएफ-८ सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं, तर पावतीवर ओळीने सहा प्रश्नचिन्हं. टेबल लॅटिन-१ मध्ये होतं आणि नावात काना-मात्रा धरून सहा खुणा. मायएसक्यूएल ८ पासून नव्या टेबलांना यूटीएफ-८ आपोआप मिळतं. तेव्हा मला रात्री बसून टेबल बदलावं लागलं, शिवाय प्रिपेअर्ड स्टेटमेंटही लिहिलंच.

काकांनी पावती चष्म्याखाली धरून नाव वाचलं, मग रक्कम. म्हणाले, "पार्किंगचे पैसे दोनदा लावलेत."