मूट कोर्ट : वकिलीची तालीम कशी होते? वरळी कोळीवाड्याच्या खटल्यावरून समजून घेऊ

बारावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांकडे सल्ल्याला येतात. मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी यांवर तासभर बोलणं होतं. लॉचं नाव काढलं की दोन सवाल ठरलेले. पहिला, "वकिलीत खोटं बोलावं लागतं ना?" दुसरा, "आमच्या मुलीचं इंग्रजी कच्चं आहे, ती कोर्टात काय बोलणार?" दोन्ही सवाल रास्त आहेत. लॉ कॉलेजात मुलं मूट कोर्टची स्पर्धा कशी खेळतात ते पाहिलं, तर दोन्हींचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं.

मूट कोर्टला मराठीत अभिरूप न्यायालय म्हणतात. खटला बनावट असतो, पण कायदा खरा. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. वर्षात तीन मूट, प्रत्येकाला 10 गुण, त्यातले निम्मे लेखी मांडणीला आणि निम्मे तोंडी युक्तिवादाला. म्हणजे हा हौशी मुलांचाच खेळ नाही, प्रत्येकाला उभं राहावं लागतं. कॉलेजाबाहेरच्या स्पर्धा मात्र चुरशीच्या. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 पासूनचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य होते, न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तिथे शिकवलं. ते कॉलेज डी. एम. हरीश यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय मूट भरवतं.

आता उदाहरण घेऊ, आणि ते लांबचं कशाला? वरळी कोळीवाड्याचंच घेऊ.

कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव टाकायचं ठरलं, तेव्हा वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी मुंबई उच्च न्यायालयात गेली. इतरांच्याही याचिका होत्या. 16 जुलै 2019 रोजी उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घेतल्याशिवाय आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगी मिळवल्याशिवाय काम पुढे नेता येणार नाही, असं सांगितलं. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. 17 डिसेंबर 2019 रोजी त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि रस्त्याचं काम पुन्हा सुरू झालं.

मूटचा पेपर काढणारा अशाच एखाद्या प्रकरणावरून गावाचं नाव बदलून गोष्ट रचतो. काल्पनिक शहर, काल्पनिक खाडी, मच्छीमारांची सोसायटी आणि एक महापालिका. काय घडलं ते ठरवून दिलेलं असतं, त्यावर वाद घालायचा नाही. वाद फक्त कायद्याचा. रस्ता हा असा प्रकल्प आहे का, की ज्याला पर्यावरण मंजुरी लागते? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मासेमारी संविधानाच्या कलम 21 मधल्या उपजीविकेच्या हक्कात बसते का? लाखो प्रवाशांची सोय आणि काही शे होड्यांचं पोट, न्यायालयाने तोलायचं कसं?

टीम सहसा तिघांची, दोन बोलणारे आणि एक संशोधन करणारा. आधी दोन्ही बाजूंची लेखी मांडणी तयार करायची, तिला मेमोरियल म्हणतात. हो, दोन्ही बाजूंची. सकाळच्या फेरीत मुलगी सोसायटीची वकील असते आणि दुपारी तीच महापालिकेची. इथेच पालकांचा पहिला सवाल उभा राहतो. सकाळी एक, दुपारी दुसरं, मग ईमान कुठे राहिलं?

आमचं मत स्पष्ट आहे. यात खोटं बोलणं नाही. घटना बदलायची मुभा कोणालाच नाही. निकालपत्रातलं अर्धं वाक्य उचलून उरलेलं लपवलं तर समोरची टीम ते लगेच दाखवून देते, आणि गुण जातात. "आमचं म्हणणं असं आहे की" अशीच सुरुवात करायची असते, "मला असं वाटतं" म्हणायचं नसतं. वकील आपलं मत सांगत नाही, अशिलाची बाजू कायद्यात बसवून मांडतो. कोळीवाड्यातल्या मुलीने एकदा महापालिकेची बाजू मन लावून तयार केली, तर आपल्या वस्तीची बाजू कुठे भक्कम आणि कुठे कच्ची हे तिला घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळेल. मोर्चात ओरडून हे कळत नाही.

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपेक्षा हे अगदी वेगळं. वक्तृत्वात पाच मिनिटं तुमची, मधे कोणी बोलत नाही, पाठांतर चांगलं की टाळ्या ठरलेल्या. मूटमध्ये दुसऱ्याच वाक्याला न्यायाधीश थांबवतात. "हा निकाल किती न्यायाधीशांचा? नंतर तो फिरवला गेला का? समजा भराव टाकून झालाय, आता आम्ही काय तो उपसायला सांगू?" पाठ करून आलेली मुलं इथे गडबडतात. ज्याने फाइल खरोखर वाचली तो शांतपणे म्हणतो, "माय लॉर्ड, नुकसानभरपाई आणि होड्यांच्या वाटेचं रक्षण, एवढं तरी न्यायालय देऊ शकतं." उत्तर येत नसेल तर तसं अदबीने कबूल करणं हेही कौशल्यच. घरात मोठ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला न चिडता, न घाबरता उत्तर द्यायची सवय असलेली मुलं इथे पुढे असतात, मग शाळा कुठल्याही माध्यमाची असो.

मॉक ट्रायल हा दुसरा प्रकार, तो खालच्या कोर्टासारखा चालतो. उच्च न्यायालयातली याचिका प्रतिज्ञापत्रांवर चालते, साक्षीदार सहसा पिंजऱ्यात येत नाहीत. मॉक ट्रायलमध्ये साक्षीदार असतो, आणि तोही टीममधलाच कोणी. समजा, क्लीव्हलँड बंदरातून होडी काढणाऱ्या मच्छीमाराने भरपाईचा दावा लावलाय. त्याचा स्वतःचा वकील सरतपासणीत विचारेल, "होडी कुठून काढता? खांब उभे राहिल्यावर काय फरक पडला?" "खांबांमुळेच तुमची वाट बंद झाली ना?" असं विचारलं की समोरून आक्षेप येणार, कारण आपल्या साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालता येत नाही. उलटतपासणीत मात्र तशाच प्रश्नांची मुभा असते. "खांब उभे राहिल्यावरही तुम्ही समुद्रात जातच होता, बरोबर?" आता साक्षीदाराला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. 1 जुलै 2024 पासून हे सगळं भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली येतं, जुना 1872 चा कायदा गेला. घरात जुनी पुस्तकं असतील तर एवढं ध्यानात ठेवा.

जाता जाता, त्या खांबांचं काय झालं? सी-लिंकला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं, कोळी बांधव 160 मागत होते. 2022 च्या अखेरीस 120 मीटरवर तडजोड झाली, तीही कोर्टाच्या निकालाने नाही, आंदोलन आणि बोलणी करून. चांगल्या वकिलाला हा रस्ताही माहीत असावा लागतो.

आता इंग्रजी. संविधानाच्या कलम 348 मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मोठ्या स्पर्धाही बहुतेक इंग्रजीतच. हे लपवण्यात अर्थ नाही. पण इथलं इंग्रजी कादंबरीचं नसतं. ठरावीक शब्द, छोटी वाक्यं, मुद्द्याला मुद्दा. वर्षभर रोज एक निकालपत्र मोठ्याने वाचलं तरी जीभ वळते. शिवाय जिल्हा आणि तालुका कोर्टांत मराठीच चालते, आणि जुनी कागदपत्रं निघतात तेव्हा उर्दू वाचता येणाऱ्या वकिलाला मान असतो.

कपड्यांची काळजीही नको. पांढरा-काळा रंग सांभाळायचा. महिला वकिलांसाठी बार काउन्सिलच्या नियमांत सलवार-कुर्ता आणि ओढणी दोन्ही बसतं.

"वकिली आपल्याकडची नाही" म्हणणाऱ्यांना बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव सांगावं. 1867 मध्ये मुंबईत बॅरिस्टरी सुरू करणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता, तो न्यायमूर्ती तय्यबजींनी दिला. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांतही तेच, आणि त्या संस्थेचं आज स्वतःचं लॉ कॉलेज आहे.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन कोर्स आहेत. दोन्हींसाठी राज्याची सीईटी वेगवेगळी असते. फॉर्म भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला घेऊन एक दिवस कोर्टात जाऊन बसा. सुनावणी सहसा खुली असते, तिकीट नाही. ओळखपत्र सोबत ठेवा, मोबाइल बंद करा आणि मागच्या बाकावर बसा.